ढालींच्या वरची ती पळी

तुम्ही विचारलंय की नाण्यावर ढाली धरून उभ्या दोघांच्या मध्ये वर जो ‘चमचा आणि आकडा’ दिसतो, ती शस्त्रं आहेत का. नाही. ती पूजेची उपकरणं आहेत, आणि या नाण्यात खरं वाचण्यासारखं तेच आहे.

हा रोमन सम्राट ऑगस्टसचा देनारियस, म्हणजे रोमचं चांदीचं नाणं. ते दोघे म्हणजे गायस आणि लुशियस, त्याच्या मुलीची मुलं, इ.स.पू. १७ मध्ये त्याने त्यांना दत्तक घेतलं. हे नाणं इ.स.पू. २ पासून लुग्दुनुमच्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लियाँच्या टांकसाळीत पडू लागलं. चमचा म्हणजे सिंपुलम. आपल्या संध्येच्या पळीचीच आठवण होते: लांब दांडा, टोकाला छोटी वाटी. तिने यज्ञात देवाला मद्य अर्पण करायचे. आकडा म्हणजे लिटूअस, ऑगर या पुरोहिताची वाकड्या टोकाची काठी. ती फिरवून तो आकाशाचा एक भाग आखून घ्यायचा आणि त्यात पक्षी कसे उडतात ते पाहायचा. देवाचा कौल घेण्याचाच प्रकार तो.

गायस पाँटिफेक्स, म्हणजे रोमच्या पुरोहित मंडळाचा सदस्य होता, म्हणून पळी. लुशियस ऑगर, म्हणून काठी. ढाल-भाले आणि ही उपकरणं एकाच नाण्यावर आहेत, कारण रोममध्ये पुरोहितपद आणि राज्यपद वेगळी नव्हती. ज्युलियस सीझरच्या हत्तीचं चित्र असलेल्या नाण्यामागेही अशीच पळी आहे, सोबत कुऱ्हाड आणि पुरोहिताची टोपी. लुशियस इ.स. २ मध्ये गेला, गायस इ.स. ४ मध्ये. चांदीवर मात्र दोघे अजून वारसदार म्हणून उभे आहेत. मला हे नाणं हातात घेतलं की दरवेळी तेच आधी दिसतं.

हा प्रकार आणि ऑगस्टसनंतरचा सम्राट टायबेरियस याचा बसलेल्या देवीचा देनारियस दक्षिण भारतात, विशेषतः कोइंबतूर परिसरात, भरपूर सापडले आहेत. आपल्याकडे त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या. त्यांवरची लॅटिन अक्षरं पार बिघडलेली असतात. म्हणून आधी अक्षरं नीट पाहा.

वजन साधारण पावणेचार ग्रॅम असायला हवं. कडेवर सांधल्याची रेघ असेल तर ते ओतलेलं, म्हणजे नकली. आणि कृपा करून चिंच-राखेने घासू नका. पळीचा तो बारीक दांडाच आधी झिजतो. कडेचा फोटो आणि वजन टाका, मग पुढचं सांगतो.