मोबाईलवर भरभर, कीबोर्डवर अडखळत

ताई, नमस्कार.

तुम्ही खानापूरजवळच्या गावातून लिहिलंय. लेक दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, आता पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, कॉमर्स करते. मोबाईलवर तिची बोटं भरभर चालतात, पण कॉलेजच्या लॅबमध्ये इंग्रजीचा एक उतारा टाईप करायला पंधरा मिनिटं लागली. पीडीएफ नोट्स वाचते, डोक्यात काही राहत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीची इच्छा आहे, तर टायपिंगचा क्लास लावू की स्पोकन इंग्लिशचा?

टायपिंगचा लावा. पण तिची अडचण नुसती बोटांची नाही.

मोबाईलवर दोन-तीन अक्षरं दाबली की आख्खा शब्द वर येतो, ती त्यावर बोट ठेवते. स्पेलिंग तिनं केलेलंच नसतं. शिवाय मराठी आणि कन्नडमध्ये अक्षरं ओळखली की शब्द वाचता येतो. इंग्रजीत तसं नाही. थ्रू, थॉट, टफ या तिन्ही शब्दांत ओ-यू-जी-एच हीच अक्षरं, उच्चार मात्र तीन तऱ्हेचे. असे शब्द पुन्हा पुन्हा वाचूनच नजरेत बसतात. तोवर एक अक्षर कागदावर बघायचं, एक बटण शोधायचं, असंच होणार. पोरीला त्यावरून बोलू नका.

केंद्र सरकारची नोकरभरती करणाऱ्या एसएससीच्या (स्टाफ सिलेक्शन कमिशन) बारावीवर देता येणाऱ्या सीएचएसएल परीक्षेत कनिष्ठ लिपिकासाठी इंग्रजीचा वेग मिनिटाला 35 शब्द लागतो, म्हणजे तासाला 10,500 वेळा बटण दाबणं. रोज अर्धा तास बसली तर हे तिच्या आवाक्यातलं आहे. घरी कंप्युटर नसेल तर साधा यूएसबी कीबोर्ड घ्या. ओटीजी म्हणजे मोबाईलला यूएसबीची वस्तू लावायची छोटी जोडणी, तिनं तो बहुतेक अँड्रॉइड मोबाईलला लागतो. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात, तिथं दोन्ही तर्जन्या ठेवायच्या आणि खाली बघायचं नाही. शब्द सुचवणारी सोय बंद ठेवायची. उतारा तिच्याच इंग्रजीच्या पुस्तकातला घ्यावा: आधी अर्थ समजून वाचायचा, मग टाईप करायचा, शेवटी पुस्तक मिटून स्वतःची चार वाक्यं. ही चार वाक्यं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात, कारण नुसतं बघून उतरवताना डोकं झोपलं तरी बोटं चालतात.

वाचनाचं म्हणाल, तर 2018 मध्ये 54 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. माहितीपर मजकूर स्क्रीनपेक्षा कागदावर जास्त समजतो आणि वेळेची घाई असली की हा फरक वाढतो, असं त्यात दिसलं. म्हणून अवघड धड्यांची झेरॉक्स काढून द्या, तिथं पैसे वाचवू नका. पण नोकरीची परीक्षा कंप्युटरवरच असते. तेव्हा रोज एक छोटा इंग्रजी मजकूर स्क्रीनवर सावकाश वाचायचा आणि वहीत त्याचा सार दोन ओळींत लिहायचा. तो मराठीत लिहिला तरी चालेल.

स्पोकनचा क्लास परीक्षेनंतर बघू. पहिला महिना वेग मोजू नका, चुका मोजा. दोन महिन्यांनी तिला मला इंग्रजीत पत्र टाईप करून पाठवायला सांगा. चुका राहिल्या तर राहू देत, तुम्ही कुणाकडून तपासून घेऊ नका.