एकदा देणगी देणारे पुन्हा का देत नाहीत?

तुमचा प्रश्न असा की, मुलींच्या छोट्या वसतिगृहाला दरवर्षी नवे देणगीदार मिळतात, जुने मात्र फिरकत नाहीत. मी अशाच एका संस्थेत देणग्यांचं काम बघतो.

पहिली देणगी बहुधा ओळखीतून, थोडी भिडेखातर येते. दुसरी येणार की नाही हे त्यानंतरच्या काही आठवड्यांत ठरतं, आणि नेमके तेव्हाच आपण गप्प असतो. मग एकदम मार्चमध्ये ‘८०जीचा लाभ घ्या’ असा, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचा, मेसेज. पैसे हवे झाले की यांना आपण आठवतो, हे माणसाला बरोबर कळतं. शिवाय नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट मिळतच नाही, त्यामुळे करसवलतीच्या जोरावर मागणं दिवसेंदिवस अवघडच होणार. तरी पावती त्याच दिवशी द्या आणि पॅन नीट तपासून घ्या. नंतर करसवलतीच्या प्रमाणपत्रासाठी देणगीदाराला फोन करावे लागले तर तो कंटाळतो.

आभाराच्या पत्रात ‘आपल्या उदार सहकार्याबद्दल शतशः ऋणी आहोत’ कोणी वाचत नाही. ‘तुमच्या पाच हजारांत टाकीची मोटर दुरुस्त झाली, मुलींना आता हापशावर जावं लागत नाही’ एवढं लिहा. मुलींच्या हातात धन्यवादाचे फलक देऊन फोटो मात्र काढू नका. देणाऱ्यालाही ते बघवत नाही.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे कितीतरी देणग्या आईच्या, वडिलांच्या स्मरणार्थ येतात. आमच्या देणगीच्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आहे: कोणाच्या नावाने, आणि तिथीने की तारखेने? तिथीने असेल तर दरवर्षी पंचांग बघून तारीख काढावी लागते. त्या दिवशी मुलींचं जेवण त्या नावाने होतं, फळ्यावर नाव लिहिलं जातं आणि संध्याकाळी घरच्यांना फोन जातो. त्या फोनवर पैशांचा विषय काढायचा नाही, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. पुष्कळदा तेच विचारतात, यंदा काय हवंय?

मोठ्या देणगीदाराच्या मागे आत्ताच धावू नका. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींचे पंधरा लाख १९२० मध्ये मिळाले, पण विद्यापीठ सुरू झालं होतं १९१६ मध्ये, आणि त्याच्याही आधी कर्वे कित्येक वर्षं गावोगाव फिरून लहान लहान वर्गण्या जमवत होते.

अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांकडून घेणार असाल तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र मराठी माणूस असला तरी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागतो. त्या कायद्याखाली तुमच्या संस्थेची नोंदणी नसेल तर पैसे खात्यात येण्याआधीच सीएला गाठा.