घरच्या गुळासाठी ऊस तोडायला आला, हे ओळखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात 10 गुंठे, वाण को 86032, लावण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. कारखान्याला न घालता बिनकेमिकल गूळ करायचा आहे. आता डिसेंबरची सुरुवात आहे आणि बांधाकडच्या काही उसांना तुरा (फुलोरा) आलाय. शेजारी म्हणतात, तुरा आला की लगेच तोडा. घरातले म्हणतात, संक्रांत होऊ दे. तर नेमकं काय बघून ठरवायचं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शेजाऱ्यांचा सल्ला कारखान्याच्या हिशोबातून आलाय, आणि त्यात त्यांची चूक नाही. कारखान्याची तोड लावणीच्या नोंदीप्रमाणे येते, टोळी आली की ऊस द्यावाच लागतो. दर पूर्ण कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर ठरतो (एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचा पायाच 10.25 टक्के उताऱ्याचा आहे), तुमच्या वावरातल्या गोडीवर नाही. म्हणून तिथं वजन आणि पाळी एवढंच बघायची सवय लागते. गुळाचं तसं नाही. कच्च्या उसाचा तोटा थेट तुमच्या काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या कढईत दिसतो. गूळ चिकट राहतो, कणी धरत नाही, पावसाळ्यात पाझरतो. चुन्याने किंवा भेंडीच्या चिकाने मळी (रसातली घाण) निघते, पण कच्च्या रसाचा पक्का रस होत नाही.

ऊस पिकतो बुडख्याकडून शेंड्याकडे. खालच्या कांड्यांत साखर आधी भरते. वरच्या कांड्या वाढत असेपर्यंत त्यांच्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त आणि खरी साखर कमी असते. थंडी पडली, नत्र संपलं, पाणी कमी झालं की वाढ मंदावते आणि मग वरचा भाग भरू लागतो. म्हणून बुडख्याची कांडी सोलून खाल्ली, गोड लागली, म्हणजे ऊस आला असं होत नाही. बुडखा नवव्या-दहाव्या महिन्यातही गोड लागतो. शेंडा बुडख्याच्या किती जवळ आलाय, हे बघायचं.

त्यासाठी हातातला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या पदार्थांचं टक्केवारीतलं प्रमाण) दाखवणारं छोटं यंत्र घ्या, 0 ते 32 ब्रिक्सचं, शक्यतो तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारं. दर वेळी आधी डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब काचेवर टाकून रेष शून्यावर आणा. दोन नमुन्यांच्या मध्ये काच पाण्याने धुवून मऊ फडक्याने कोरडी करा. मागचा रस राहिला किंवा काच ओली राहिली तर आकडा एक-दीड ब्रिक्सने सहज हलतो.

ऊस निवडताना बांधाकडच्या दोन-तीन सऱ्या सोडा. कडेच्या उसाला ऊन-वारा जास्त मिळतो, तो आधी पिकतो आणि फसवतो. तुमचा तुरासुद्धा बांधाकडेच आलाय, हे लक्षात ठेवा. वावरात तिरपं चालत जाऊन निदान 15-20 ऊस घ्या, जाड-बारीक, उंच-बुटके सगळे. प्रत्येकाची दोन ठिकाणची कांडी घ्यायची : एक जमिनीपासून दुसरी-तिसरी आणि एक वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) जिथं सहज मोडतं त्या सांध्याखालची दुसरी. कांडीचा मधला तुकडा सोलून स्वच्छ पकडीने पिळा. पहिला थेंब सोडून द्या, पुढचे दोन-तीन काचेवर घ्या. सांध्याजवळचा रस घेऊ नका, तो वेगळा असतो. हे काम सकाळी करा. पाणी पाजल्यावर किंवा पाऊस झाल्यावर आठ-दहा दिवस मोजू नका.

आता शेंड्याच्या ब्रिक्सला बुडख्याच्या ब्रिक्सने भागा. बुडखा 21.5 आणि शेंडा 15 असेल तर गुणोत्तर 0.70 येतं. हा ऊस कच्चा, हात लावू नका. बुडखा 22 आणि शेंडा 20.5 असेल तर 0.93, म्हणजे तोडीची तयारी करा. 0.95 ते 1 च्या दरम्यान ऊस पुरता पक्व. गुणोत्तर 1 च्या वर गेलं तर आनंद मानू नका. शेंडा जास्त गोड झाला असा त्याचा अर्थ नाही, बुडख्यातली साखर मोडायला लागली असा आहे. तिथं एक दिवसही थांबायचं नाही. गुळासाठी माझं मत असं : सरासरी ब्रिक्स 20 च्या वर आणि गुणोत्तर 0.92 च्या पुढे, दोन्ही एकत्र हवं. कारखान्याला 18 ब्रिक्सचा ऊस चालून जातो, गुळाला तो घालू नये.

एकदा मोजून निर्णय घेऊ नका. दर दहा दिवसांनी मोजून वहीत लिहा. आकडा कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चाललाय, त्यावरून तोडीचा आठवडा कळतो. रात्री गार आणि दिवसा कोरडं ऊन, हे आपल्याकडचं डिसेंबर-जानेवारीचं हवामान साखर भरायला उत्तम असतं. मध्येच ढगाळ आणि दमट आठवडा आला तर शेंड्याचा आकडा अडकतो. त्याने घाबरून जायचं कारण नाही.

ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे, हेही समजून घ्या. रसात विरघळलेलं सगळंच त्यात मोजलं जातं : ग्लुकोजही आणि क्षारही. शिरोळ भागातल्या खारवट जमिनींत किंवा मचूळ विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या उसाचा ब्रिक्स चांगला दिसतो आणि गूळ मात्र खारट, काळपट आणि मऊ होतो. ऊस सुकला तरी ब्रिक्स वाढतो, कारण पाणी उडतं, साखर तेवढीच राहते. पाणी तोडल्यावर दोन्ही आकडे एकदम चढले आणि कांडी हलकी लागायला लागली तर ते पिकणं नाही.

म्हणून आकड्यावर पुरता भरवसा न ठेवता एक छोटं आधण, म्हणजे थोडा रस उकळून गूळ करून बघा. घरच्या गुळासाठी याच्याइतकी खात्रीची चाचणी नाही. वावरात फिरून 15 ऊस तोडा, बांधाकडचे नकोत. वाढं आणि मुळ्या काढून रसवंतीवर गाळून आणा. साधारण दहा लिटर रस मिळेल. पसरट भांड्यात उकळा, वर येणारी मळी सतत काढा. थर्मामीटरवर 118 अंश सेल्सिअस आलं की पळीने थोडा पाक थंड पाण्यात सोडा. पक्क्या उसाच्या पाकाची बोटांत घट्ट गोळी वळते, भांड्याच्या कडेवर मारली की टणक वाजते. मग उतरवून घोटा आणि तूप लावलेल्या वाटीत घाला. दोन-तीन तासांत वाटीतून सुटला, मोडल्यावर आत बारीक कणी दिसली, तर ऊस आलाय. 20 ब्रिक्सच्या दहा लिटर रसाचा सुमारे दोन किलो गूळ बसला पाहिजे. गोळी वळते पण ताणली की तार निघते, वाटीत दुसऱ्या दिवशीही बोट रुततं, असं असेल तर रसात ग्लुकोज जास्त आहे. ते दोन कारणांनी होतं : ऊस कच्चा किंवा ऊस ओसरलेला, म्हणजे पिकून पुढे गेलेला. कुठलं ते गुणोत्तर सांगतं. रस गाळल्यावर तासन्‌तास ठेवून मग उकळला असेल तर तीच लक्षणं दिसतात, तेव्हा चाचणीचा रस लगेच चढवा.

आता तुऱ्याबद्दल. तुरा आला म्हणजे त्या उसाचा शेंडा फुलात गेला, नवी कांडी येणार नाही. वाढीकडे जाणारी साखर आता साठते, त्यामुळे पुढचा महिना-दीड महिना गोडी वाढतच असते. म्हणजे ‘तुरा आला की तोडा’ हे घाईचं आहे. पण फार थांबलात तर शेंड्याकडून दशी पडायला लागते, बगलेचे डोळे फुटून पांगशा येतात आणि रस कमी होऊन चोथा वाढतो. तुरा दिसल्यापासून 45 ते 60 दिवसांत तोड झाली पाहिजे. बघायची पद्धत सोपी आहे : तुऱ्याचा ऊस घेऊन वरच्या कांड्या उभ्या चिरा. मधोमध पांढरा, कापसासारखा कोरडा पट्टा दिसतो तीच दशी. वरच्या एक-दोन कांड्यांत असेल तर तेवढा भाग वाढ्यासोबत टाका आणि थांबा. चार-पाच कांड्या खाली उतरली असेल तर मोजमाप बाजूला ठेवून तोडा.

बाकीच्या जुन्या खुणा जोडीला वापरा, एकट्या नको. पानं पिवळी पडतात हे खरं, पण नत्र कमी पडलं, पाण्याचा ताण बसला किंवा पांढरी माशी आली तरी पडतात. कांडीवर टिचकी मारली की धातूसारखा आवाज येतो, ऊस सांध्यावर खाडकन मोडतो, तिरका काप उन्हात धरला की साखरेची चकाकी दिसते. या तीन बऱ्यापैकी भरवशाच्या. डोळे फुगलेले दिसले तर उशीर व्हायला लागलाय असं समजा.

वाणाप्रमाणे फरक पडतो. को सी 671 लवकर पिकतो. को 92005 गुळासाठी आपल्याकडे आवडीने लावतात. 86032 ला सुरू लावणीत (तुमच्यासारख्या जानेवारीच्या लावणीत) बारा महिने पुरे द्यावेत. फुले 265 वजन देतो, पण उशिरा पिकतो, गुळासाठी त्याला घाई अजिबात चालत नाही. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक) असेल तर लावणीपेक्षा महिनाभर आधी मोजायला लागा.

तुमची लावण जानेवारीची, वाण 86032. तेव्हा आता मोजायला सुरुवात करा, आणि जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरून चाला. तुऱ्याच्या सऱ्यांचं मोजमाप वेगळं ठेवा, त्या आठ-दहा दिवस आधी निघू शकतात. मार्च मात्र गाठू नका. ऊन चढलं की साखर मोडते आणि गुळाचा रंग जातो.

पाणी कधी तोडायचं? काळ्या भारी रानात तोडीआधी 15 दिवस, मुरमाड हलक्या रानात आठ दिवस. त्याहून जास्त ताण दिला तर ऊस सुकतो, वर सांगितलं तसं. युरिया भरणीनंतर (उसाला मातीची भर लावल्यानंतर), म्हणजे साडेचार-पाच महिन्यांनंतर टाकलेला नसावा. पाऊस संपल्यावर हिरवेपणासाठी युरियाची फेक दिली असेल तर ऊस वाढतच राहतो, गुणोत्तर 0.8 च्या आसपास रेंगाळतं आणि गूळ काळा पडतो. त्यावर नंतर इलाज नाही, थांबणं एवढंच हातात आहे.

रान पंचगंगेच्या काठाला असेल आणि 2019 किंवा 2021 सारखा पूर येऊन शेंड्यावरून पाणी गेलं असेल, तर हे गणित लागू होत नाही. पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) गाळ बसून तो कुजतो, डोळे फुटतात, कांड्यांना मुळ्या सुटतात आणि साखर त्यांच्यात खर्च होते. तो ऊस गुळासाठी धरू नका, जमेल तितक्या लवकर कारखान्याला घाला.

तोडणीत बऱ्याच चांगल्या उसाची माती होते. कोयता जमिनीलगत चालला पाहिजे. सगळ्यात गोड भाग तिथंच असतो, आणि उंच बुडखे ठेवले तर खोडव्याचे कोंबही वरून येऊन दुबळे राहतात. वाढं मोडतं तिथून आणखी एक-दोन कांड्या खाली कापा. या शेंड्याकडच्या कांड्या वाया जात नाहीत. ग्लुकोज जास्त असल्याने त्यांची काकवी चांगली होते, साखर बसत नाही. त्यांचा रस वेगळा गाळून 105-106 अंशांवर उतरवा. लोळलेला, उंदरांनी खाल्लेला, कांडी किडीची भोकं असलेला, चिरल्यावर आत लाल पडलेला ऊस बाजूला काढा. असे थोडे ऊस मोळीत गेले तरी पूर्ण काहिलीचा रंग बिघडतो.

आणि तोडलेला ऊस ठेवू नका. तोडल्या क्षणापासून साखर मोडायला लागते, 24 तासांच्या आत तो चरकात गेला पाहिजे. 10 गुंठ्यांत एकरी 40 टनांच्या हिशोबाने 10 टन ऊस निघेल. एका काहिलीला साधारण दोन टन ऊस लागतो, म्हणजे पाच आधणं. गुऱ्हाळवाल्याकडे दिवसाला दोनच मिळणार असतील तर रोज चार टनांपुरतीच तोड करा. पाळी पक्की झाल्याशिवाय कोयता लावू नका. गाडीला उशीर झालाच तर मोळ्या सावलीत रचा, वरून पाचट घाला आणि पाणी शिंपडत राहा.