'डोमेन एक्स्पायर होतंय, आजच पैसे भरा' असा मेल आलाय, भरू का?

नाही, त्या मेलमधल्या लिंकवरून एक पैसाही भरू नका. छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट सांभाळतो त्यामुळे असले मेल सतत बघतो, वर लाल अक्षरात 'शेवटची सूचना' आणि पार खाली बारीक अक्षरात 'हे बिल नाही, सर्च इंजिन लिस्टिंगची ऑफर आहे', घाईत तेवढं कोणी वाचतच नाही हो. आयकॅन (ICANN, जगभरातल्या डोमेन नावांची व्यवस्था बघणारी संस्था) हिच्या लुकअप म्हणजे शोधायच्या पानावर तुमचं डोमेन टाका, फुकट आहे, रजिस्ट्रार (तुमचं डोमेन जिच्याकडे नोंदवलंय ती कंपनी) कोण आणि बहुतेक वेळा एक्स्पायरी कधी तेही कळतं, मग त्याच रजिस्ट्रारच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा आणि ऑटो रिन्यू, टू फॅक्टर (लॉगिनला पासवर्डशिवाय दुसरी खात्रीही मागणारी सोय) दोन्ही चालू करून टाका. पण मेल वाचल्याशिवाय डिलीट करू नका, कारण खरा रजिस्ट्रारही मुदतीच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी आठवण पाठवतो.