मोटारीचं भंगार आणि मुलीची मेटलर्जी

तुमचं पत्र मिळालं. जालन्यात तुम्ही रोलिंग मिलमध्ये आहात, मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्राची इंजिनिअरिंग शाखा, घ्यायची आहे आणि पाहुणेमंडळी म्हणतात, कॉम्प्युटर सोडून भंगाराच्या नादी कशाला लागता?

मला मुलीचं पटतं. मोटारीच्या दाराचा पत्रा मऊ असतो, तर दारांमधल्या खांबाचं बोरॉनयुक्त पोलाद सुमारे १५०० मेगापास्कल ताण सोसतं. पोलादाच्या अशा कितीतरी जाती एकाच गाडीत असतात. गाडी भंगारात गेली की सगळ्यांचा एकच चुरा होतो, वर वायरिंगचं तांबंही त्यात येतं. हे भंगार भट्टीत वितळवताना सिलिकॉन आणि बरंचसं मँगनीज जळून मळीत, म्हणजे वर तरंगणाऱ्या स्लॅगमध्ये, काढता येतं. तांबं, कथील मात्र पोलादाच्या रसातच राहतात, आणि तांबं वाढलं की तापलेलं बिलेट (ओतीव पोलादाचा लांब ठोकळा) रोलिंगमध्ये भेगाळतं, हे तुम्हाला मी काय सांगणार! दाराच्या पत्र्याला साधारण ०.०६ टक्केच तांबं चालतं, बांधकामाची सळई ०.४ टक्क्यांपर्यंतही खपवून घेते. म्हणून जुन्या मोटारीची सळई होते, पुन्हा मोटार क्वचितच.

यावर संशोधक म्हणतात, मिश्रधातूंच्या जाती कमी करा. रासायनिक घटक जवळपास तेच ठेवून तापवण्याची आणि थंड करण्याची रीत बदलली, तरी मऊ आणि कणखर असे दोन्ही पत्रे निघू शकतात. वायरिंग सहज सुटेल अशी गाडीची रचनाही हवी. हे काम मेटलर्जीवाल्यांचंच आहे आणि ते अजून बरंच बाकी आहे. १ एप्रिल २०२५ पासून जुन्या वाहनांच्या विल्हेवाटीची जबाबदारी नियमानेच उत्पादकांवर आली आहे, त्यामुळे याची निकड वाढतच जाणार.

मेटलर्जीच्या प्रवेशासाठी पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग विद्यापीठाला एमएचटी-सीईटी, नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेला जेईई मेन. दोन्ही परीक्षा द्यायला लावा. केमिस्ट्रीतलं थर्मोडायनॅमिक्स तिने पाठांतरावर सोडू नये, पुढे सगळी भट्टी त्यावरच चालते. नोकरीसाठी बाहेर राहावं लागेल याची घरात आत्ताच तयारी ठेवा. मुलगी आहे म्हणून शॉपफ्लोअर नको, असा विचार मनात असेल तर तो कृपया काढून टाका.

मालकांची परवानगी घेऊन तिला एकदा मिलच्या लॅबमध्ये न्या. स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) एका हीटचं, म्हणजे भट्टीच्या एका घाण्याचं, सॅम्पल लागताना तिला बघू द्या आणि तांब्याचा आकडा वाचून दाखवायला सांगा. तो आकडा कमी कसा करायचा, असं तिने स्वतःहून विचारलं तर फॉर्म भरताना मेटलर्जी पहिल्या पसंतीला टाका.