पोटगीतला ‘गी’

टेक्ससहून एका वाचकांनी विचारलंय: तिकडे वेगळ्या झालेल्या आईबापांपैकी एकाने मुलासाठी दरमहा जो ‘चाइल्ड सपोर्ट’ द्यायचा असतो, त्याला मराठीत पोटगी म्हणावं का? आणि त्याचा आकडा काढण्याची रीत मराठीत कशी सांगायची?

म्हणावं की, खुशाल म्हणावं! पोटगी फक्त बायकोची असते हा समज बातम्यांनी रुजवलाय. आपल्याकडच्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ (आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) बायकोबरोबर मुलांना आणि आईबापांनाही पोटगी मागू देतं. त्याहून डोक्यात जातं ते ‘पोटगी ठोठावली’. अहो, ठोठावतात तो दंड! पोटगी मंजूर होते, चालू होते, थकते.

पण खरी गंमत पोटगीच्या त्या ‘गी’ या शेपटाची आहे. ‘पोट’ अस्सल देशी. प्राकृतातलं ‘पोट्ट’ जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकात देशीनाममाला या कोशात, म्हणजे संस्कृतातून न साधणाऱ्या शब्दांत नोंदवलंय. तरी काही पंडित त्याला ओढूनताणून संस्कृत ‘पुट’च्या दावणीला बांधतात. बांधोत बापडे. ‘गी’ मात्र माझ्या मते सरळ फारसी दफ्तरातून आला. जिंदगी, बंदगी, परवानगी, रवानगी या सगळ्यांत तो आहे. आणि फारसीत तो मुळात ‘गी’ नव्हेच, प्रत्यय नुसता ‘ई’! पहलवीत, म्हणजे फारसीच्या जुन्या रूपात, ‘जिंदा’ला ‘जिंदग’ आणि ‘बंदा’ला ‘बंदग’ म्हणत. पुढे शेवटचा ग गळाला, पण ‘ई’ लागताना तो आत अडकून राहिला: जिंदग-ई, बंदग-ई. मराठी कारकुनांच्या कानाला ‘गी’ हा आख्खा प्रत्यय वाटला आणि त्यांनी तो थेट पोटाला चिकटवला. ‘देणगी’ही त्याच कारखान्यातली. यावर ‘गी हा मराठीचा स्वतःचाच प्रत्यय’ असं सांगणाऱ्यांनी तो फारसी येण्याआधीच्या मराठीत दाखवावा. मी वाट बघतोय. (‘नाराजगी’ म्हणणाऱ्यांनी यात आनंद मानू नये. मराठीत नाराजीने छान भागतं.)

राहिली रीत. टेक्ससमध्ये पैसे देणाऱ्याच्या मिळकतीतून कर, मुलाच्या आरोग्यविम्याचा हप्ता वगैरे वजा करतात आणि उरलेल्या निव्वळ मिळकतीवर एका मुलासाठी २०, दोघांसाठी २५, तिघांसाठी ३० टक्के धरतात. मिळकत कितीपर्यंत मोजायची याला वर मर्यादा आहे, आणि कारण दिसलं तर न्यायाधीश आकडा बदलू शकतो. मूल ज्याच्याकडे राहतं त्याची कमाई या टक्केवारीत येतच नाही. याला सरळ ‘टक्केवारीची पोटगी’ म्हणा.

न्यू जर्सीत तसं नाही. तिथे दोघांच्या निव्वळ मिळकतींची बेरीज करतात, त्या बेरजेला मुलावर आठवड्याला किती खर्च यावा हे तक्त्यात पाहतात आणि तो खर्च ज्याच्या-त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात वाटतात. बेरजेत एकाचे ६० टक्के असतील तर खर्चाचेही ६० टक्के त्याच्या अंगावर. मूल कुणाकडे किती रात्री राहतं यावरूनही आकडा हलतो. या वाटणीला आपल्याकडे ‘हिस्सेरशी’ असा नेमका शब्द होता. त्यातला हिस्सा अरबी, पुढचं ‘रशी’ फारसी ‘रसीदन’च्या, म्हणजे पोचण्याच्या, कुळातलं. पावतीला आपण रसीद म्हणतो तीही याच कुळातली, पैसे पोचल्याची खूण. आता त्याचं ‘रशी’ कसं झालं, त्यावर पुढच्या वेळी लिहितो.