आपल्याच गटातला माणूस ढोंगी निघाला, तर लोक गप्प का बसतात?

न कळल्यामुळे गप्प बसतात असं मला वाटत नाही. कळतं लगेच, मग मन त्याची वकिली सुरू करतं.

वाल्डेसोलो आणि डेस्टेनो या मानसशास्त्रज्ञांचा 2007 सालचा प्रयोग आहे. सोपं काम स्वतःकडे ठेवून किचकट काम दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं. स्वतः असं केलं तर लोकांना त्यात फारसं वावगं वाटलं नाही. परक्याने केलं की अन्याय वाटला. गटातल्याला मात्र स्वतःइतकीच सूट! गट तरी कसला, तर मनगटावर एकाच रंगाचा पट्टा बांधलेल्या अनोळखी माणसांचा. आपला तो बाळ्या व्हायला तेवढंही पुरतं. पुढच्या वर्षी त्यांनी हे वागणं कितपत योग्य ते ठरवतानाच लोकांना आकडे लक्षात ठेवायला लावले. मन त्यात गुंतलं, सबबी रचायला सवड उरली नाही, आणि स्वतःची चूकही परक्याच्या चुकीइतकीच मोठी दिसली.

मी एका स्वयंसेवी गटात होतो. आमचे प्रमुख दर बैठकीत हिशेबाबद्दल बोलायचे, पावती हरवलेल्याला सगळ्यांसमोर झापायचे. त्यांनी स्वतः घेतलेल्या उचलीचा हिशेब मात्र कित्येक महिने आला नव्हता. सगळ्यांना माहीत होतं. ‘त्यांच्यामागे व्याप किती!’ असं मीही म्हणायचो. शेवटी एका मुलीने भर बैठकीत विचारलं. त्यानंतरचा अर्धा तास पैशांवर कोणी बोललंच नाही, सगळे तिच्या सुरावर बोलले. ‘बाजूला घेऊन विचारायचं होतं.’ ‘बाहेर कळलं तर गटाचं काय?’ झाकली मूठ सव्वा लाखाची! बैठक संपल्यावर जिन्यात तिघांनी तिला हळूच सांगितलं, तुझं बरोबर होतं. त्यांतला एक मी. थोड्याच दिवसांत तिने गट सोडला. मला ते अजून सलतं.

कधी उलटही होतं. आपल्यातल्या वाईट माणसाला लोक परक्यापेक्षा जास्त कठोरपणे तोलतात, हे 1988 मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्केस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्याला ‘काळी मेंढी परिणाम’ म्हणतात. पण माझ्या पाहण्यात तो कठोरपणा ज्याला सहज बाहेर काढता येतं त्याच्याच वाट्याला येतो. प्रमुखाच्या वाट्याला क्वचितच.

तुमच्याकडे कोणी असा प्रश्न विचारला, तर ‘मलाही हेच विचारायचं आहे’ एवढं तिथल्या तिथे म्हणा. जिन्यात नको.